कापडाच्या गादीवरून औषधाच्या फळीकडे

कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो हा की, गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू दुकानात नसली तरी नकार म्हणून ओठांवर येऊ द्यावयाचा नाही. निळे वस्त्र संपले असेल तर जांभळे पुढे करावे, जांभळ्यावर नजर ठरली नाही तर मोरपंखी उलगडावे, आणि दहा तागे पायांशी पसरल्यावर त्या पसाऱ्याचा जो एक सूक्ष्म संकोच गिऱ्हाइकाच्या मनात उत्पन्न होतो, त्याच्याच बळावर अकरावा तागा कापून द्यावा. इचलकरंजीच्या पेठेत ही विद्या मी काही वर्षे मन लावून शिकलो आणि ती मला बऱ्यापैकी साधली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे घरच्या अडचणींनी मला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे, कर्नाटकातल्या बोरगावास, परत आणले. गावातील एका औषध दुकानात हाताखाली माणूस हवा होता. दुकान ते दुकान, फळी ती फळी, अशा समजुतीने मी तेथे रुजू झालो.

ही समजूत किती अपुरी होती हे कळावयास फार काळ लागला नाही, कारण पहिल्याच आठवड्यात दुकानाच्या मालकांनी, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, भिंतीवर काचेत लावलेल्या परवान्याकडे बोट करून मला माझे स्थान समजावून दिले. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 42 व्या कलमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत औषधनिर्मात्यास, म्हणजे फार्मासिस्टास आहे. आणि 1945 च्या औषध नियमांत तेवढीच एक सवलत अशी ठेवली आहे की, ते औषध त्याने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. माझ्यासारख्या हाताखालच्या माणसाचे सारे कायदेशीर अस्तित्व या ‘देखरेखीखाली’मध्ये सामावलेले असते. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टाच्या खालची एक स्वतंत्र पायरी आहे, तिला तंत्रज्ञ म्हणतात, आणि 1 जुलै 2011 पासून तिची नोंदणीही सक्तीची झाली आहे. अमेरिकेतही गल्ल्यावर बसणारा नोकर परीक्षा देऊन त्या पायरीवर चढू शकतो. आपल्या फार्मसी कायद्यास ही मधली पायरी ठाऊक नाही. वास्तविक पाहता गावोगावच्या औषध दुकानांत चिठ्ठी हातात घेणारा, फळीवरून पाकीट काढणारा, बिल करणारा आणि गोळी कशी घ्यावी हे सांगणारा माणूस पुष्कळदा हाच बिनहुद्द्याचा सहायक असतो. कायदा त्याच्याकडे पाहत नाही, आणि गिऱ्हाईक त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे पाहत नाही.

अण्णांच्या वडिलांच्या पिढीत ही कोंडी निराळ्या रीतीने सुटली होती. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी खिडकीमागे उभा राहून मिश्रणे ढवळणारा, बाटलीच्या पोटावर कात्रीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवून मात्रांच्या खुणा करून देणारा कंपाउंडर हा गावातील एक मातब्बर असामी असे. 1948 चा कायदा आला तेव्हा पहिल्या नोंदवहीत नाव घालण्यासाठी, पदवी-पदविका नसली तरी, औषधे तयार करण्याच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव पुरेसा धरला गेला. त्या दाराने कित्येक कंपाउंडर सन्मानाने आत शिरले. ती पहिली नोंद झाल्यावर ते दार बंद झाले, आणि तेव्हापासून अनुभव हा औषधाच्या दुकानात कितीही उपयोगी पडला तरी दप्तरी त्याची किंमत शून्य आहे. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटत नाही. पण ती निष्ठुर आहे, एवढे मान्य करावयास हवे.

प्रारंभीचे काही महिने मला गिऱ्हाइकासमोर उभे राहू न देता फळ्यांच्या कामाला लावण्यात आले, आणि आता मागे वळून पाहता याहून उत्तम शिक्षण दुसरे झाले नसते असे वाटते. कापड डोळ्यांनी ओळखावयाचे असते. औषध नावाने, ताकदीने आणि मुदतीने. एकाच नावाच्या गोळीच्या पाच, दहा आणि वीस मिलिग्रॅमच्या पाकिटांचे रंग इतके सारखे असतात की रंगावर विसंबणारा कापडवाला तेथे पुरता नागवला जातो. मुदतीचा शिरस्ता तर कापडाच्या व्यापाराच्या उलट: जे आधी संपणार ते पुढे, मग ते दुकानात कधीही आलेले असो. इन्शुलिन आणि काही लसी दोन ते आठ अंश उष्णतामानात ठेवावयाच्या असल्याने शीतकपाटाच्या दारावर तापमानाची नोंद लिहावी लागे, आणि उन्हाळ्यात वीज गेली की अण्णांचा पहिला हुकूम, पंखा बंद पडल्याची तक्रार करण्याचा नव्हे, तर त्या कपाटाचे दार कोणीही उघडू नये असा असे.

यांपैकी सर्वांत क्षुल्लक दिसणारी आणि मला सर्वांत शहाणे करणारी गोष्ट म्हणजे पाकीट कापण्याची रीत. दहा गोळ्यांच्या पाकिटातून चार गोळ्या द्यावयाच्या असतील तर कात्री कोणत्या टोकाला लावावी, याला नियम आहे: ज्या टोकावर मुदत आणि बॅचचा क्रमांक ठोकलेला असतो ते टोक शेवटच्या गोळीपर्यंत दुकानात राहिले पाहिजे, नाहीतर मागे उरलेल्या सहा गोळ्या अनामिक होतात, आणि म्हणूनच दिलेल्या तुकड्याची ओळख टिकावी यासाठी तो क्रमांक बिलावर उतरवावा लागतो. हा क्रमांक लिहिण्याचा मला प्रथम फार कंटाळा येई. तेव्हा अण्णांनी मला 1986 सालची मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील हकीकत सांगितली. तेथे डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाने दूषित झालेले ग्लिसरीन रुग्णांना दिले गेले, चौदा माणसे दगावली, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुढे खरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी साखळी उलगडून पाहिली. एखादी बॅच वाईट निघाली तर ती कोणाकोणाच्या घरी पोहोचली आहे हे सांगणारा पुरावा म्हणजे माझ्या हातचे ते कंटाळवाणे अंक, हे एकदा ध्यानात आल्यावर कंटाळा करण्याची सोय राहिली नाही.

चिठ्ठी वाचण्याचे शिक्षण त्यानंतरचे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे निजताना, एसओएस म्हणजे लागल्यास, ही बाराखडी दोन दिवसांत येते. तिने फसगतही फारशी होत नाही. फसगत नावांत आहे. मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि जंतुसंसर्गावरचे मेट्रोनिडाझोल ही दोन नावे घाईच्या अक्षरात पहिल्या तीन इंग्रजी अक्षरांपर्यंत हातात हात घालून चालतात, आणि फळीवर आद्याक्षरांनी रचलेल्या दुकानात ती शेजारीही बसतात. अण्णांनी त्यांच्यामध्ये मुद्दाम दुसऱ्या औषधाचा खोका ठेवला होता. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटची कथा तर याहून गंभीर. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती रोज घेतली गेली तर रक्तातील पेशी तयार होण्याचेच काम बंद पडून माणूस प्राणास मुकू शकतो. म्हणून ती देताना पाकिटावर वार लिहावयाचा, तोच वार गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्यावयाचा, आणि कोणी ‘दररोज’ म्हणाले तर पाकीट परत घ्यावयाचे, असा आमच्या दुकानाचा दंडक होता. कापडाच्या दुकानात माल परत घेणे ही नामुष्की मानली जाई. येथे ती सावधगिरी होती.

गिऱ्हाइकासमोर उभे राहण्याची वेळ आली तेव्हा कापडाच्या व्यापाराने दिलेले निम्मे गुण उपयोगी आणि निम्मे घातक ठरले. उपयोगी पडले ते ऐकण्याचे. बोरगाव-निपाणीच्या या पट्ट्यात माणूस एका वाक्यात मराठी बोलतो आणि दुसऱ्यात कन्नडात शिरतो. चिठ्ठी इचलकरंजीच्या, कोल्हापूरच्या नाहीतर मिरजेच्या डॉक्टरांची असते आणि ती घेऊन येणाऱ्या अक्कांना मात्र ‘ऊटा आदमेले’, म्हणजे जेवणानंतर, असे कन्नडात सांगितल्याखेरीज खात्री पटत नाही. तागे उलगडताना बोलीवरून माणूस ओळखण्याची जी सवय जडली होती ती येथे अक्षरशः पथ्यावर पडली. घातक ठरली ती जास्त विकण्याची सवय. 1981 च्या शेतकरी आंदोलनामुळे महाराष्ट्रभर गाजलेल्या निपाणीच्या तंबाखूची धूळ या भागातील पुष्कळ बायकांच्या छातीत बसलेली असते, कारण वखारीत तंबाखू चाळण्याचे आणि घरी विड्या वळण्याचे काम त्यांचेच. त्यांचा खोकला जुना असतो, आणि त्यांची मागणीही एकच: “त्यो मागल्या खेपंचा लाल औषद द्या, लगीच थांबतंय बघा.” कापडवाला असतो तर मी लालही दिले असते आणि सोबत पिवळेही. अण्णा प्रथम विचारीत, किती दिवसांचा खोकला, थुंकीत रक्त पडते का, वजन उतरले आहे का, ताप संध्याकाळीच येतो का. आणि उत्तरांवरून क्षयाचा संशय आला की बाटली फळीवरच ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घेण्यास पाठवीत. एक गिऱ्हाईक, एक बाटली आणि तिच्यावरचा नफा, तिन्ही एका वाक्यात दुकानाबाहेर घालवणारा दुकानदार मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

याच ठिकाणी नियमांची एक जाडजूड वही पुढे येते. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या, औषध नियमांतील एच-वन या अनुसूचीत आरंभी 46 औषधे घालण्यात आली. त्यांत काही प्रतिजैविके, क्षयावरची औषधे, झोपेच्या गोळ्या, कोडीन यांचा समावेश होता. ही औषधे देताना चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे तपासणीसाठी जपावी लागते. झोपेच्या गोळीसाठी ओळखीच्या दादांनी काउंटरवर कोपर टेकून घातलेली गळ, घरच्यांनी केलेला रुसवा, आणि “इचलकरंजीत कुनीबी देतंय” हा शेवटचा बाण, हे सारे या वहीवर आदळून परत जाते. वही नसती तर माझ्या जुन्या सवयीचा माणूस त्या तिसऱ्या बाणाला खचित बळी पडला असता.

नोंदणीकृत फार्मासिस्ट होण्यासाठी लागणाऱ्या पदविकेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात रस कमी आणि अडचण फार आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित घेतलेले असेल तरच दोन वर्षांच्या औषधनिर्माणशास्त्र पदविकेला प्रवेश मिळतो. माझे ते विषय योगायोगाने होते. माझ्याबरोबर गादीवर बसणाऱ्या, कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्या मित्रांना हा मार्ग जन्मभरासाठी बंद आहे. शिक्षण पत्राद्वारे होत नाही, हजेरी सक्तीची, त्यामुळे पोटाची नोकरी आणि वर्ग यांत एकाची निवड करावी लागते. पुष्कळांचा निश्चय येथेच गळून पडतो. परीक्षेनंतर किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रत्यक्ष काम, त्यातले निदान 250 तास चिठ्ठीवरील औषधे देण्याचे, असे बंधन आहे. हे तास मी त्याच फळ्यांसमोर भरले. गंमत अशी की पूर्वी जे काम मी कायद्याच्या नजरेआड करीत होतो तेच आता प्रशिक्षण म्हणून मोजले गेले. दाखला भाड्याने भिंतीवर टांगून स्वतः दुसरीकडे नोकरी करणारे फार्मासिस्ट आपल्याकडे आहेत, हे कोणापासून लपलेले नाही. अशा दुकानात शिकणाऱ्या मुलाला देखरेख मिळत नाही, फक्त काच मिळते.

कापडाच्या आणि औषधाच्या दुकानातील सर्वांत मोठा फरक मला समजला तो एका संध्याकाळी. मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शेजारच्या खेड्यातले एक मामा आले. रक्तदाबाचे ज्या कंपनीचे औषध लिहिले होते ते आमच्याकडे नव्हते; तेच द्रव्य, तेवढ्याच ताकदीचे, दुसऱ्या कंपनीचे मात्र डोळ्यांसमोर फळीवर होते, आणि किमतीला बरेच उतरते होते. निळे नाही तर जांभळे, असे हात आपोआप पुढे जाऊ लागले. परंतु औषध नियमांतील 65 व्या नियमात असे स्पष्ट म्हटले आहे की, चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या वर्गातील औषधाच्या चिठ्ठीवर, द्रव्य तेच असले तरी, दुसरे औषध देता येत नाही. तेव्हा अण्णांनी दवाखान्यात फोन लावला. तो लागेना. मामा बाकावर बसले, निपाणीकडची बस निघून गेली, मामा उठले आणि म्हणाले, “आवं, औषद त्येच हाय म्हंता, मग द्या की.” मी त्यांना नियम समजावून सांगितला, त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि पुन्हा तेच म्हटले. अर्ध्या तासाने डॉक्टरांचा उलट फोन आला, त्यांनी संमती देऊन बदललेली चिठ्ठी मोबाइलवर पाठवली, मी बिलावर बॅचचा क्रमांक उतरवला आणि पाकीट मामांच्या हाती दिले. किंमत पाहून मामा थबकले.

“ह्ये एवढं सवस्त हाय व्हय? मग आदी ह्येच का लिवलं न्हाई त्येंनी?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला कोणत्याही कलमाने दिलेला नव्हता; म्हणून मी गोळी सकाळी नाष्ट्यानंतर घ्यावयाची आहे एवढे सांगितले, आणि पुढच्या बसची वेळ विचारण्यासाठी समोरच्या पानवाल्याला हाक मारली.