भूमचा पाऊस, पुण्याचे गणित

मृग लागला की धाराशिव जिल्ह्यात एकच प्रश्न असतो: सोयाबीन पेरायचे की थांबायचे? पर्जन्यछायेतल्या या भागात तुळजापूर चिंब आणि भूम कोरडे, हे नेहमीचेच. अंदाज चुकला की बोल हवामान खात्याला लागतो. खरी मेख मात्र समीकरणात आहे.

हवेच्या हालचालीची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. पण वारा उष्णता आणि बाष्पाबरोबर स्वतःचा वेगही वाहून नेतो. त्यामुळे समीकरणात वेगाचा वेगातल्याच फरकाशी गुणाकार येतो आणि ‘कारण दुप्पट तर परिणाम दुप्पट’ हा हिशेब मोडतो. ही अरेषीय समीकरणे. त्यांना तयार सूत्र नाही. वातावरणाच्या चौकटी पाडून, घड्याळ थोडे थोडे पुढे सरकवत उत्तर काढावे लागते.

लुईस फ्राय रिचर्डसन यांनी 20 मे 1910 च्या सहा तासांचे हे गणित हाताने केले. त्यात सुमारे सहा आठवडे गेले. उत्तर आले, दाब 145 हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. सुरुवातीच्या नोंदींतला असमतोल गणितात फुगत गेला होता.

चौकटीची बाजू निम्मी केली, की चौकटी चौपट होतात. साध्या रीतीत काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे काम आठपट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 मध्ये आलेला ‘अर्क’ महासंगणक 11.77 पेटाफ्लॉप क्षमतेचा आहे. मे 2025 मध्ये त्यावर चालणाऱ्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या अंदाज-प्रणालीने चौकट 12 किलोमीटरवरून 6 वर आणली. सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या धाराशिव जिल्ह्यात पूर्वी पन्नासेक चौकटी मावत, आता दोनशेवर. तरी एखादा वळवाचा ढग त्या चौकटीहूनही लहान असतो.

शिवाय 1961 मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा भरला आणि संगणकातले पुढचे हवामान पार बदलले. म्हणून आता सुरुवात किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवतात. 21 पैकी 14 वेळा पाऊस आला, तर शक्यता दोन-तृतीयांश.

तेव्हा अंदाजात ‘शक्यता’ हा शब्द पळवाट म्हणून येत नाही. ते गणिताचे प्रामाणिक उत्तर आहे. शक्यता पाहून तयारी करावी, पण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये.