क्षणिक आघात आणि धातूंचे बळ

लोखंड तापले की मऊ होते, हे लोहाराच्या भात्याशेजारी उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. हा नियम खरा आहे. परंतु त्याला एक मर्यादा आहे आणि ती काळाची आहे. भार किती, याबरोबरच तो किती अल्पावधीत पडतो, यावरही धातू वाकणार, टिकणार की फुटणार हे ठरते.

पोलादाची सळई किती ताण सोसते हे पाहण्यासाठी ती सावकाश ओढतात. या परीक्षेस काही मिनिटे लागतात. उलट, स्फोटाचा धक्का किंवा अवकाशयानावर आदळणारा सूक्ष्म कण आपले काम सेकंदाच्या अत्यल्प अंशात उरकतो. म्हणूनच सावकाश केलेल्या परीक्षेचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पिता-पुत्रांचे प्रयोग

इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ साली उभ्या ताणलेल्या लोखंडी तारेच्या खालच्या टोकावर वरून वजन सोडून पाहिले. तार तुटणे हे वजन किती जड यापेक्षा ते किती उंचीवरून पडते यावर अधिक अवलंबून असल्याचे दिसले. शिवाय काही वेळा तार आघाताच्या जागी न तुटता वर बांधलेल्या टोकाशी तुटली. आघाताची लहर लोखंडातून सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने धावते. दृढ टोकावरून परतताना ती मागून येणाऱ्या लहरीत मिसळते आणि तेथे ताण वाढतो.

त्यांचे पुत्र बर्ट्राम यांनी १९०५ साली दाखविले की, क्षणमात्र टिकणारा ताण नेहमीच्या मर्यादेपलीकडे गेला तरी तार कायमची लांबत नाही. अशा धक्क्यांचे मोजमाप करण्यासाठी त्यांनी १९१४ मध्ये पोलादी दंडाची पद्धत मांडली. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दंडांमध्ये नमुना ठेवून तिला आजचे रूप दिले.

धातूच्या अंतरंगात

लांबरुंद जाजम एकदम ओढणे जड जाते. पण त्यात एक वळी पाडून ती पुढे सरकवीत नेली तर जाजम सहज हलते. धातूच्या स्फटिकांतही अणूंच्या रांगांमध्ये अशा दोषरेषा असतात, हे १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडले. त्या सरकल्या की धातूचा आकार बदलतो. भार मंद असेल तर अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथर या रेषांना अडथळे ओलांडण्यास मदत करते. म्हणून तापलेला धातू मऊ होतो. परंतु आघात अतिवेगवान असेल तर रेषांना थांबण्यास सवडच नसते. मग तीच थरथर त्यांच्या वाटेत घर्षणासारखी आडवी येते.

याचा प्रत्यय २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इयान डाउडिंग व ख्रिस्तोफर शूह यांच्या संशोधनाने आला. लेसरच्या साहाय्याने अतिसूक्ष्म कठीण कण तांबे, सोने व टायटॅनियम यांवर प्रचंड वेगाने आदळविले असता, तापविलेले शुद्ध धातू मऊ न होता अधिक बळकट ठरले. लोहाराचा अनुभव यामुळे खोटा ठरत नाही. त्याच्या घणाचा घाव या मानाने फार मंद असतो.

मागील बाजूचा धोका

बळ वाढले म्हणजे भय संपले असे मात्र नाही. जाड पत्र्याच्या एका बाजूस स्फोट झाला तर दाबाची लहर आरपार जाते आणि मागील मोकळ्या पृष्ठावरून परतताना ओढ बनते. ही ओढ पुरेशी प्रबळ असल्यास आतल्या आत भेग पडून मागील बाजूचा थर सुटून उडतो. समोरची बाजू शाबूत दिसत असूनही मागे उभा असलेला मनुष्य जखमी होऊ शकतो. म्हणून संरक्षक पत्र्याची परीक्षा केवळ समोरून करून भागत नाही.

धातूचे बळ हा कायमचा ठरलेला एकच आकडा नव्हे. तो कोणत्या तापमानास आणि किती वेगाच्या भाराखाली मोजला, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. शाळेत हा विषय शिकविताना एवढा एक प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात रुजविला, तरी पुष्कळ साधले.