ग्रीसचे ऊन आपले समजू नका

गेल्या आठवड्यात आमच्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. मुलाने जुलैमध्ये त्या दोघांची ग्रीसची सहल ठरविली आहे. मी उन्हाचा विषय काढताच ते हसून म्हणाले, "डॉक्टर, आपण ४४ अंशांत लग्ने लावणारी माणसे. आम्हाला ऊन काय सांगता?"

वाचकहो, हाच भ्रम धोक्याचा आहे. आपण ४४ अंशांत दुपारी बाराला डोंगर चढत नाही, सावलीला बसतो. सहलीला गेलेला माणूस मात्र पैसे वसूल करण्यासाठी भरदुपारी हिंडतो. त्यात समुद्रावरचा वारा घाम लगेच वाळवतो. अंग कोरडे लागते, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे कळतच नाही.

जून २०२४ मध्ये ग्रीसमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला आणि अथेन्सचा प्रसिद्ध ॲक्रोपोलिस दुपारी बंद ठेवावा लागला. त्याच महिन्यात सिमी बेटावर ब्रिटनचे डॉ. मायकेल मोस्ली दुपारी एकटेच पायी निघाले. दूरदर्शनवरून लोकांना आरोग्याचे धडे देणारे हे ६७ वर्षांचे गृहस्थ चार दिवसांनी मृतावस्थेत सापडले. मृत्यूचे कारण ठामपणे सांगता आले नाही. मात्र उष्माघात किंवा न उमगलेला एखादा आजार, यांपैकी काहीतरी असावे, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. जाणकार माणसाचाही अंदाज चुकू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

मग करावे काय? तिथल्या लोकांचेच अनुकरण करावे. ते दुपारी दारे-खिडक्या लावून विश्रांती घेतात. आपणही सकाळी लवकर निघावे, बारा ते पाच सावलीत राहावे. एकट्याने आडवाटेला जाऊ नये, मोबाइल जवळ ठेवावा. सुती सैल कपडे, रुंद काठाची टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. अनेक बेटांवर नळाचे पाणी खारवट असते, म्हणून बाटलीबंद पाणी घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पीत राहावे. जलसंजीवनीची पाकिटे येथूनच न्यावीत. दारू शरीरातले पाणी कमी करते, म्हणून उन्हात ती टाळावी.

गुरुजींना रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू आहे. अशा गोळ्या घेणाऱ्यांना, तसेच हृदयविकार व मधुमेहाच्या रुग्णांना उन्हाचा त्रास लवकर होतो. अशांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. गोळी मनाने बंद करू नये. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन तापलेल्या मोटारीत ठेवू नये.

चक्कर, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम ही पहिली सूचना समजावी. माणसाला सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, जलसंजीवनी पाजावी. अर्ध्या तासात बरे वाटले नाही, किंवा अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. मग क्षणही दवडू नये. ११२ या क्रमांकावर फोन करावा. तो ग्रीससह सर्व युरोपीय संघात चालतो. मदत येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. मात्र तो काढताना जुना आजार लपवू नये. तो नंतर उघड झाल्यास विम्याचे पैसे मिळणे अवघड होते.

हे सारे ऐकून गुरुजींनी मुलाला फोन लावला आणि सहल ऑक्टोबरात ढकलायला सांगितले. ॲक्रोपोलिस अडीच हजार वर्षे उभा आहे, आणखी तीन महिने थांबेल.