पायाचे हाड जबड्यात

आमच्या कोलाडकडे गाल सुजला की दाढेखाली लवंग धरून माणसे कामाला लागतात. पण प्रत्येक सूज दाढेची नसते. ‘अमेलोब्लास्टोमा’ ही जबड्यातील गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही, हीच तिची खोड! ती सहसा कर्करोग नसते. तरी हाड पोखरते आणि नुसती खरवडली तर पुष्कळदा परत येते. म्हणून भोवतालच्या थोड्या निरोगी हाडासकट जबड्याचा तुकडाच काढतात.

माझ्या आत्याला ती झाली. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून डॉक्टरांचे म्हणणे तिला समजावणे माझ्याकडे आले. जबड्यात पायाचे हाड बसविणार, हे ऐकून ती म्हणाली, “मग लावणीला चिखलात उभी कशी राहू रे?”

प्रश्न रास्त होता. नडगीशेजारचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, अंगाचा भार थोडाच पेलते. घोट्याजवळचा भाग राखून मधले हाड काढले, तर बहुतेकांना पुढे नीट चालता येते. ते रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्याच्या वळणाने कापतात, धातूच्या पट्टीने बसवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील रक्तवाहिन्यांशी जोडतात. रक्त मिळाले तरच हाड जगते. हिडाल्गो या अमेरिकन शल्यविशारदांनी १९८९ साली जबड्यासाठी ही रीत मांडली. आज परळच्या टाटा रुग्णालयातही असे जबडे घडविले जातात. हाड नीट जुळल्यावर त्यातच स्क्रू रोवून दातही बसविता येतात.