नगर रोडला थांबत थांबत

पुण्याहून निघालेली गाडी नगर रोडने शिर्डीला जाते, शनिशिंगणापूरला जाते, पार छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाते आणि वाटेतलं शिरूर तिच्या लेखी चहाचा थांबा असतं. वाघोली आणि शिक्रापूरच्या कोंडीतून सुटलेल्या माणसाला कधी एकदा घोड नदीचा पूल ओलांडतोय असं झालेलं असतं. आम्ही या रस्त्याकाठची माणसं ही घाई रोज बघतो आणि मनातून हळहळतो. डांबरावरून दिसतात ती गोदामं, वजनकाटे, प्लॉटिंगच्या पाट्या आणि कंपन्यांच्या भिंती. या रस्त्याचं खरं धन डांबर सोडून आत वळल्यावर हाती लागतं. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस काढता आले तर ते कसे काढावेत, एवढंच सांगायला हा लेख लिहितो आहे.

पहिली विनंती अशी, की पुण्याकडून सुरुवात करू नका. आदल्या संध्याकाळी शिरूरला मुक्कामाला या आणि सकाळी पुण्याच्या दिशेने निघा. या रस्त्यावरची सगळ्यात गाजलेली वाटचाल याच दिशेने झाली होती.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदीपलीकडे नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. वसईच्या तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या नावाने तैनाती फौज ठेवली, तिची मोठी छावणी इथे पडली. पुणं आणि नगर या दोन्हींवर नजर ठेवायला ही जागा सोयीची होती. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचाही इथे दीर्घकाळ तळ होता. त्या छावणीची आज उरलेली खूण म्हणजे इंग्रजांची जुनी दफनभूमी. तिथे कर्नल विल्यम वॉलेस याची कबर आहे. १८०३ साली असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली लढलेला हा अधिकारी १८०९ मध्ये शिरूरला वारला. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे, की गावातले लोक त्याला सतपुरुष मानत आणि सुगीच्या वेळी त्याच्या कबरीवर नैवेद्य ठेवत. परक्या फौजेतला एक माणूस इथल्या शेतकऱ्यांच्या सुगीत कसा काय सामावला, याचा विचार त्या कबरीपाशी उभं राहूनच करावा. गावाचं दैवत मात्र रामलिंग. महाशिवरात्रीला त्याची यात्रा भरते. एरवी तिथे शांतता असते, सकाळी जाऊन यावं.

वेळ असेल तर पुण्याकडे तोंड करण्याआधी उत्तरेला टाकळी हाजीकडे वळा. कुकडी नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. इथल्या पात्रात बेसॉल्टच्या कातळाला जे रांजणखळगे पडले आहेत, ते पाहताना पाण्याच्या चिकाटीचं नवल वाटतं. खडकातल्या लहानशा खोलगटात गोटे अडकतात, वाहतं पाणी त्यांना गरागरा फिरवतं आणि हजारो वर्षं घासून घासून माणूस उतरेल एवढे रांजण कोरले जातात. काठावर मळगंगेचं देऊळ आहे. पावसाळा नुकताच सरलेला असताना, म्हणजे दिवाळीच्या आसपास, पाणीही असतं आणि खळगेही उघडे दिसतात. कडांवर शेवाळ असतं. फोटोसाठी पुढे सरकू नका, मुलांचा हात सोडू नका. आणखी एक सांगतो. हा सगळा पट्टा उसाचा आहे, उसात बिबट्या आहे आणि गेल्या काही वर्षांत इथल्या गावांनी त्यापायी माणसं गमावली आहेत. दिवस मावळायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा.

शिरूरपासून पुण्याच्या वाटेवर रांजणगाव. अष्टविनायकांतला हा महागणपती. त्रिपुरासुराला मारण्याआधी शंकराने इथे गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. देऊळ पूर्वाभिमुख आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी गाभाऱ्याचं काम करवलं आणि इंदूरच्या सरदार किबे यांनी सभामंडप उभारला. गणेश कमळावर बसलेला, कपाळ रुंद, दोन बाजूंना ऋद्धी-सिद्धी. चतुर्थीला आणि रविवारी रांग लांबते, मधल्या वारी मनासारखं दर्शन होतं. देवळाच्या आसपासच एमआयडीसी पसरली आहे. तिने या कोरडवाहू पट्ट्याचं नशीब पालटलं हे खरं, पण ती पाहायला थांबायची गरज नाही. मोरांची हौस असेल तर जवळच मोराची चिंचोली आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी मोर जपले आणि त्यांच्याच जोरावर कृषी पर्यटन उभं केलं. पहाटे गेलात तरच मोर नीट दिसतील.

शिक्रापूरपासून उजवीकडे पाबळचा फाटा आहे. आडवाट होते म्हणून पुष्कळ जण तो टाळतात. मी म्हणेन, रांजणगावची एखादी रांग चुकवा, पण पाबळ चुकवू नका. थोरल्या बाजीरावाने मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं इनाम दिली होती. एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. कोणी तिला मजार म्हणतं, कोणी समाधी. पडद्यावर दिसलेल्या आरसेमहालाची आठवण घेऊन येणाऱ्याला ती फार लहान आणि साधी वाटेल. मला तिचं साधेपणच जास्त खरं वाटतं. ज्या बाईला शनिवारवाड्याच्या घरात कुणी मनापासून सामावून घेतलं नाही, तिला या गावाने पावणेतीनशेहून अधिक वर्षं आपल्या शिवारात सांभाळलं आहे.

पाबळलाच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायचं, वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं करून बघायला लावायचं, हा कलबागांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर जगात ज्या पहिल्या काही फॅब लॅब निघाल्या, त्यांपैकी एक २००२ साली इथे निघाली. आधी विचारून गेलात तर तिथली मुलं स्वतः केलेल्या वस्तू मोठ्या उत्साहाने दाखवतात.

पुन्हा मोठ्या रस्त्याला लागा. आता कोरेगाव भीमा.

३१ डिसेंबर १८१७. शिरूरच्या छावणीतून रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची तुकडी निघाली. दुसरा बाजीराव मोठी फौज घेऊन पुण्याकडे येतो आहे, मदत पाठवा, असा पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्याचा निरोप होता. तुकडीत मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे पाचशेच्या आसपास शिपाई, अडीचशे-तीनशे स्वार, दोन तोफा आणि मद्रासचे गोलंदाज, म्हणजे सगळे मिळून आठशेच्या घरात. पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते, त्यांच्या जोडीला मराठे, मुसलमान आणि इतर जातींचेही लोक होते. थंडीची रात्र, पाठीवर ओझं, चाळीसेक किलोमीटरची चाल. सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावाजवळच्या उंचवट्यावरून भीमेपलीकडे पेशव्यांचं अफाट घोडदळ दिसलं. स्टाँटनने गाव धरलं. दिवसभर गल्लीबोळांतून आणि घराघरांतून झुंज झाली. नदी हाकेच्या अंतरावर असून तुकडीला पाणी मिळेना. एक तोफ हातची गेली आणि परत मिळवली गेली. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली आणि पुढे साताऱ्याच्या दिशेने निघून गेली.

तुम्ही शिरूरहून आलात, तर ही वाट तुम्ही गाडीने तासाभरात काटलेली असते. म्हणूनच मघाशी दिशेचा आग्रह धरला. रात्रभर चालून आलेल्या माणसाला सकाळी पलीकडच्या तीरावर ते दृश्य दिसलं तेव्हा काय वाटलं असेल, याचा अंदाज पुण्याकडून आल्यावर येत नाही.

कोरेगाव हे गाव शिरूर तालुक्यात. १८२१ साली ज्याचं काम सुरू झालं तो जयस्तंभ मात्र नदी ओलांडून पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात आहे. त्यावर इंग्रजी आणि मराठी मजकूर आहे आणि पडलेल्या शिपायांची नावं आहेत. ती एकेक करून वाचा. अनेक नावांच्या शेवटचं ‘नाक’ सांगतं, की ज्यांना पेशवाईत गावात ताठ मानेने चालता येत नव्हतं, त्या घरांतली ही माणसं आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि तेव्हापासून हा स्तंभ एका समाजाच्या स्वाभिमानाची जागा झाला. दर १ जानेवारीला लाखो लोक मानवंदना द्यायला येतात. त्या दिवशी मानवंदनेसाठीच या. नुसतं स्थळ पाहायचं असेल तर दुसरा दिवस निवडा, कारण रस्ता इतर वाहनांना बंद असतो. २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षं झाली त्याच दिवशी, इथे हिंसा उसळली. तिची सल या गावांना अजून आहे. इथल्या माणसांशी बोलताना हे ध्यानात असू द्यावं.

कोरेगावपासून चारेक किलोमीटरवर वढू बुद्रुक. इथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, जवळच कवी कलशांची समाधी आणि गोविंद गोपाळ यांचीही. ११ मार्च १६८९ ला महाराजांची हत्या झाली. भीमा, भामा आणि इंद्रायणीच्या संगमावरचं तुळापूरही इथून लांब नाही. महाराजांच्या पुण्यतिथीला, म्हणजे फाल्गुन अमावास्येला, वढूला राज्यभरातून लोक येतात. पहिला दिवस इथे संपवून शिरूरला माघारी या. रात्री मिळाली तर मासवडी आणि बाजरीची भाकरी जेवा, हा या बाजूचा खास बेत.

दुसऱ्या दिवशी रस्ता बदलायचा. शिरूर–न्हावरे–चौफुला रस्ता दक्षिणेला दौंड तालुक्यात उतरतो. न्हावऱ्यापासून आत घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या भटकंतीतलं सर्वांत मोठं ठिकाण हेच, आणि तिथे पाहायला जवळपास काही नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे पांढरीचं टेकाड उकरलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही या उत्खननातली मोठी नावं. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचं आख्खं गाव त्यांना सापडलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं ते नांदतं होतं. शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. लोक जव पिकवत, बंधारा आणि पाट काढून नदीचं पाणी फिरवत. गावाच्या मध्यात पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, शेजारी धान्याची कोठारं, म्हणून ते गावच्या प्रमुखाचं असावं असं अभ्यासक म्हणतात. मेलेली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांची पावलं घोट्यापाशी तोडलेली आढळतात आणि तान्ह्या मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवलेलं आढळतं. मेलेलं आपलं माणूस घर सोडून जाऊ नये, म्हणून पावलं तोडली असावीत, असा एक अर्थ लावला जातो. एका चार पायांच्या रांजणात मात्र एक पुरुष बसवलेला होता आणि त्याची पावलं शाबूत होती. मातीच्या पेटीत ठेवलेली देवीची बिनशिराची मूर्ती आणि तिच्यासोबतचा बैलही इथलाच. शेवटच्या काळात पाऊस कमी होत गेला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि हळूहळू गाव उठलं. दुष्काळाला कंटाळून गाव सोडणारी माणसं आम्हाला नवी नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीची ती हलाखी आम्हाला चटकन कळते.

आज तिथे शेतं आहेत. शेत तुडवू नका, खापरं उचलून नेऊ नका. इथल्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा.

पुढे पारगावाजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका. लोकनाट्याच्या कला केंद्रांसाठी माहीत असलेला चौफुला लागतो आणि तिथून जवळच केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली आणि बालविधवा त्यांनी इथे वसवल्या, त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि इथल्याच छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई इथेच वारल्या. ही आजही चालती संस्था आहे, तेव्हा परवानगी घेऊनच आत जावं.

दौंड शहर रेल्वेने घडवलं. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दक्षिणेकडची गाडी उत्तरेला वळवायची सोय इथे झाली. काही वर्षांपूर्वी कॉर्ड लाइन होईपर्यंत पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. त्या वेळात फलाटावर उतरून चहा प्यालेल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या महाराष्ट्रात आहेत.

दौंडहून भीमेपलीकडे श्रीगोंदा तालुक्यात पेडगावचा बहादूरगड आहे, आता धर्मवीरगड. संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबासमोर उभं केलं ते इथल्या छावणीत. त्यांची विटंबनाही इथेच झाली. वढूला जे पाहिलं त्याची सुरुवात या तटाच्या आत आहे, म्हणून ही दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत पाहावीत. किल्ल्यात यादवकाळातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, त्याचं कोरीवकाम बारकाईने पाहा. उन्हाचा त्रास होतो, सावली थोडी आहे, पाणी सोबत न्या. आणि परतताना संध्याकाळची गाडी दौंडहून पकडायची असेल तर चारच्या आत गडातून निघा, कारण उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकून अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागतो.