चंद्राचा गौरव आणि तांड्याचा वाटा

अमेरिकेचे अपोलो-११ चंद्रावर उतरले तो दिवस २० जुलै १९६९. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली हा दिवस आंतरराष्ट्रीय चंद्र दिन म्हणून जाहीर केला. आपले चांद्रयान-३ उतरले २३ ऑगस्ट २०२३ रोजी; तो आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. दोन्ही दिवस मानवी बुद्धीच्या गौरवाचे आहेत, यात वाद नाही. प्रश्न असा आहे की, या गौरवात वाटा कोणाचा?

हाच प्रश्न मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनथी यांनी विचारला होता. अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे व खेचरांच्या गाड्या घेऊन ते उड्डाण केंद्रावर धडकले. त्यांचा विरोध विज्ञानाला नव्हता. भुकेल्यांना मागे ठेवून पुढे जाणाऱ्या व्यवस्थेला होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन यांना त्यांच्यासमोर यावे लागले.

त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते बंजारा समाजाचे वसंतराव नाईक. आज त्याच समाजाचे पोहरादेवी हे श्रद्धास्थान. वाशिम जिल्ह्यातील या गावी संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वारसा जपला, चांगलेच झाले. परंतु तांड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि पोरांची शाळा सुटते, त्याचे काय?

दुसरीकडे, चांद्रयान-३ उतरले त्या जागेला 'शिवशक्ती' हे नाव दिले गेले. यान गणिताने उतरले, मंत्राने नव्हे! वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१-अ नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ग्रहणात गर्भवतीला घरात कोंडणाऱ्या समाजाला हे कोण सांगणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भात आभाळ भरलेले असते. सेवालाल जयंती १५ फेब्रुवारीला येते. त्या महिन्यात, चंद्र दिसेल अशा संध्याकाळी, पोहरादेवीला संग्रहालयाच्या अंगणात दुर्बीण लावा. पोरांना चंद्रावरचे खड्डे दाखवा, चंद्राच्या कला आणि ग्रहण समजावून सांगा. आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे सुरू ठेवा, म्हणजे ती पोरे दुर्बिणीपाशी हजर असतील. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले ते याचसाठी. तांड्यातील लेक शास्त्रज्ञ होईल तेव्हाच चंद्राचा गौरव सर्वांचा होईल.