मावळाच्या ताटात अँडीज

लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानात शेंगदाणा, राजगिरा आणि काजू हे तीन प्रकार हटकून दिसतात. तिन्हींचं माहेर अटलांटिकपलीकडे. शेंगदाणा बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या डोंगरपायथ्याचा, काजू ब्राझीलचा, राजगिरा मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा. गूळ तेवढा आपला.

पेरूत शेंगदाण्याला केवढा मान होता, ते 1987 साली सिपानच्या उत्खननात दिसलं. मोचे संस्कृतीतल्या एका राजाच्या थडग्यात शेंगांच्या आकाराचा हार सापडला: दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या. ही गोष्ट सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. तोवर कार्ल्याचा चैत्य कोरून झाला होता. पण तिथल्या भिक्षूंच्या पात्रात शेंगदाणा पडणं शक्यच नव्हतं. तो इकडे आला युरोपीय जहाजांतून, हजारभर वर्षांहून अधिक उशिरा. आला तो असा मुरला की एकादशीला चालू लागला. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, राजगिऱ्याची वडी: आपल्या सर्वांत सोवळ्या ताटात अमेरिका खंडाचा वाटा सर्वांत मोठा, याची मला नेहमी गंमत वाटते. पेरूच्या बाजारातही राजगिऱ्याच्या लाह्या मधात बांधून वड्या विकतात. तिथे त्याला किविचा म्हणतात.

चिक्कीचं सगळं कसब पाकात. थेंब गार पाण्यात टाकायचा, टणकन मोडला की दाणे घालायचे आणि ऊन असतानाच लाटून काप पाडायचे. जरा उशीर झाला की लाटणं हरतं. शिवाय चिक्कीला दमट हवा मुळीच सोसत नाही, आणि ती प्रसिद्ध झाली कुठे, तर वर्षाला चार मीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात! याचं श्रेय रेल्वेलाच द्यायला हवं.

बोरघाटातली रेल्वे 1863 साली सुरू झाली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. पुढचं कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं निभावलं. चढ इतका खडा होता की वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून उलट्या दिशेनं पुढचा डोंगर चढायचा. 1870 पासून लिमाहून अँडीजवर नेलेल्या रेल्वेतही हीच युक्ती वापरली गेली. फरक एवढाच की ती 4,700 मीटरच्याही वर जाते आणि आपलं लोणावळा सव्वासहाशेच्या आत. घाटातलं ते उलटं स्थानक 1929 मध्ये निकालात निघालं, पण कर्जतला जादा इंजिनं जोडण्याचा खोळंबा आणि तेवढ्यात खाल्लेला बटाटावडा टिकून राहिला. बटाटा टिटिकाका सरोवराच्या परिसरातला. तिथले लोक तो रात्रीच्या कडाक्यात गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. आपल्या बटाट्याच्या किसाला एवढं आयुष्य नाही.

दोन्हीकडचे डोंगर ढग अडवतात, मात्र उलट अंगांनी. सह्याद्री समुद्राकडून भिजतो आणि तळेगावाकडे जाता जाता पाऊस झपाट्यानं आटतो. पेरूत ओल येते अ‍ॅमेझॉनच्या बाजूनं, किनारा वाळवंट. त्या किनाऱ्यालगतचं थंड पाणी तापलं की एल निनो, आणि मग इकडे आंदर मावळात राब भाजून बसलेला शेतकरी आभाळाकडे बघतो. दर वेळी ते गणित जुळतंच असं नाही; 1997 मध्ये एल निनो जबरदस्त होता, तरी देशातला पाऊस सरासरीइतका झाला.

मावळाचा स्वतःचा म्हणावा असा पदार्थ म्हणजे इंद्रायणी भात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि फिलिपिन्समधून आलेल्या आयआर 8 यांच्या संकरातून निघालेला हा वाण 1987 सालचा, म्हणजे सिपानच्या हाराचा समवयस्क. चिकट, सुवासिक, आमटी पातळ असेल तरच खरी चव. जुना आंबेमोहर जास्त वासाचा होता असं म्हातारी माणसं म्हणतात, आणि ती बरोबर असावीत.

आता उलटा प्रवासही चालू आहे. पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी जानेवारीच्या अखेरीपासून परदेशी निघतात, आणि जागतिक बाजारात त्यांची गाठ कोलंबिया आणि इक्वेडोरच्या गुलाबांशी पडते. ते अडीच हजार मीटरहून उंचावर, थंडीत सावकाश वाढलेले. फूल मोठं, दांडा लांब. सहाशे मीटरवरच्या मावळाला ती उंची कुठून आणणार? इथला बागायतदार मग छाटणीची तारीख मागेपुढे करतो, कारण चौदा फेब्रुवारीनंतर त्याच फुलाचा भाव कोसळतो.